फ्रिजवरच्या फुटबॉलच्या फॉर्मवर सही करू का?

पत्र

ताई, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा १३ वर्षांचा, ऑगस्टमध्ये आठवीत जाईल. अंगानं दांडगा आहे, वर्गातल्या पोरांपेक्षा चांगला वीतभर उंच. पीईच्या तासाला शाळेच्या फुटबॉल कोचनी (अमेरिकन फुटबॉल, हातात बॉल घेऊन धडका मारायचा तो) त्याला बघितलं आणि बोलावून सांगितलं की तू लाइनमध्ये, म्हणजे पुढच्या धडकणाऱ्या रांगेत खेळ, सुट्टीत वीसेक पौंड वजन वाढवून ये. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवरा सांगलीकडचा, कॉलेजात कबड्डी खेळलेला, तो म्हणतो खेळू दे, अंगात जरा रग येईल, नाहीतर दिवसभर स्क्रीनपुढे बसतो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर डोळ्याला पदर लावतात. मी नको म्हटलं की लेक म्हणतो, आई तू इंडियन आहेस म्हणून घाबरतेस. आणि खरं सांगू का, सीझनमध्ये दर रविवारी आम्ही सगळे मिळून आमच्या डॅलसच्या टीमची, काउबॉयजची मॅच बघतो, मीच भजी तळते, मीच ओरडते. मग दुसऱ्यांच्या मुलांचा खेळ बघायचा आणि आपल्या मुलाला नको म्हणायचं हा दुटप्पीपणा नाही का? फॉर्म फ्रिजवर लावलाय, त्याच्या बाबाची सही झालीय, माझी राहिलीय. काय करू?

एक आई, टेक्सास

उत्तर

अगं, तू ताई म्हटलंस म्हणून सरळ अगंतुगंच करते. तुझं पत्र रात्री वाचलं आणि झोप लागेना, कारण असाच एक फॉर्म माझ्याही फ्रिजवर होता, २००८ साली, ओहायोत, आणि मी त्यावर सही केली होती. धाकटा तेव्हा सातवीत. एका मॅचमध्ये दोघं एकमेकांवर आपटले, तो उठला, उभा राहिला, परत खेळायला लागला. कोच म्हणाले जरा डोकं झणझणलं असेल, काही नाही होत. घरी आला, वरणभात जेवायला बसला आणि मला विचारलं आज काय वार आहे गं, मी म्हटलं गुरुवार, दोन मिनिटांनी परत तेच, मी परत सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्यानं तेच विचारलं तेव्हा माझ्या हातातला डाव खाली पडला. पुढचे पाच आठवडे खोलीत पडदे ओढून बसला होता, उजेड सहन होईना, पुस्तकाचं एक पान वाचलं की डोकं धरायचा. तो बरा झाला, आता नोकरी करतो, छान आहे. पण सही करण्याआधी मी एकही प्रश्न विचारला नव्हता कुणाला, फॉर्म आला, सगळ्या आया करत होत्या, मीही केली. ते अजून टोचतं मला.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते, या वर्षी सही करू नकोस. का, ते आता सांगते, लांबण लागेल जरा.

पहिलं ते इंडियन असण्याचं. लेकाला सांग की या खेळाची भीती आपण विमानातून घेऊन आलो नाही, ती इथलीच आहे आणि सव्वाशे वर्षं जुनी आहे. १९०५ च्या सीझनमध्ये या खेळात दीड डझनाच्या आसपास पोरं मेली. तेव्हा प्रेसिडेंट होते थिओडोर रूझवेल्ट, त्यांना स्वतःला हा खेळ मनापासून आवडायचा, त्यांचा मुलगा हार्वर्डला खेळायचा, तरी त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सांगितलं की खेळ सुधारा. पुढच्या वर्षी नियम बदलले, बॉल हातानं पुढे फेकायला परवानगी मिळाली ती तेव्हा, म्हणजे तुझ्या लेकाला जो क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्या खेळाडूचा लांब पास आवडतो ना तो पोरं मरत होती म्हणून आलाय. २०१३ मध्ये ओबामा म्हणाले की मला मुलगा असता तर त्याला खेळू देण्याआधी मी खूप विचार केला असता. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टीममधला ख्रिस बोरलंड एकच सीझन खेळून, तोही उत्तम खेळून, २४ व्या वर्षी रिटायर झाला, कारण सांगितलं की मला माझं डोकं हवंय. या खेळावर जीव असलेली माणसंच हे बोलतायत. तेव्हा तुझी भीती ही अडाणी आईची भीती आहे असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आता डोक्याचं. हेल्मेट असतं की, असं तुझा नवरा म्हणणार, माझाही म्हणाला होता. हेल्मेट कवटी फुटू देत नाही आणि ते काम ते चोख करतं. पण मेंदू काही कवटीला चिकटवलेला नसतो गं, तो आत पाण्यात तरंगत असतो. स्टीलच्या डब्यात घट्ट विरजलेलं दही घे, झाकण लाव, पिशवीत घालून स्कूटरला अडकव आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून घरी आण. डब्याला पोचासुद्धा पडलेला नसतो, झाकण उघडलंस की दही मोडलेलं आणि पाणी सुटलेलं. डबा कितीही महागाचा घे, आत हिसका बसायचा तो बसतोच. आणि डोकं गर्रकन वळतं तेव्हा तर मेंदूतले बारीक धागे ताणले जातात, पिळले जातात. त्या धाग्यांना आतून आधार देणारं टाऊ नावाचं एक प्रोटीन असतं, वर्षानुवर्षं मार बसत राहिला की काहींच्या मेंदूत ते सुटून गुठळ्या करून साचायला लागतं आणि खेळ थांबल्यावरही पसरत जातं. सीटीई म्हणतात तो हाच आजार. विसरायला होणं, भडकणं, निराशा, काहींना पुढे चक्क स्मृतिभ्रंश. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस जिवंत असताना याचं पक्कं निदान होत नाही, गेल्यावर मेंदू तपासला तरच कळतं.

हे पहिल्यांदा एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडूत सापडलं ते पिट्सबर्गच्या माइक वेबस्टरमध्ये. चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकलेला माणूस, शहरभर लाडका, आणि शेवटी शेवटी कधी कधी आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. नायजेरियातून आलेले डॉक्टर बेनेट ओमालू तिथे पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांनी मेंदू बघितला, बाहेरून अगदी चांगला दिसत होता, पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली धरल्यावर सगळं दिसलं, २००५ मध्ये त्यांनी ते छापलं. आता वेबस्टर खेळायचा कुठे माहितीय? सेंटरला. म्हणजे लाइनच्या बरोबर मधोमध. तुझ्या लेकाला कोचना ज्या लाइनमध्ये उभं करायचंय, त्याच लाइनमध्ये.

हे मला तुला मुद्दाम सांगायचंय, कारण आपण टीव्हीवर तो एक मोठा टॅकल, म्हणजे अंगावर झेपावून पाडणं, बघतो, दहा वेळा रिप्ले होतो, खेळाडू पडून राहतो, आपल्या पोटात गोळा येतो आणि आपल्याला वाटतं धोका तो. लाइनमधल्या मुलाला तसा फटका क्वचित बसतो. त्याचं काम असं की बॉल हलला की समोरच्या तेवढ्याच दांडग्या पोराला धडकायचं, प्रत्येक खेळीला, मॅचमध्ये आणि प्रॅक्टिसमध्ये पण. त्यात चक्कर येत नाही, उलटी होत नाही, डॉक्टरकडे न्यावं असं काही दिसतच नाही. हायस्कूलच्या मुलांच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून मोजलं होतं, तर एका मुलाला एका सीझनमध्ये सरासरी साडेसहाशेच्या आसपास धक्के बसलेले निघाले. साडेसहाशे. आणि सीटीईचा संबंध एकदोन मोठ्या कन्कशनपेक्षा, म्हणजे मेंदूला बसलेल्या जोरदार हादऱ्यांपेक्षा, या छोट्या छोट्या धडका किती वर्षं खाल्ल्या त्याच्याशी जास्त लागतो असंच संशोधनात पुन्हा पुन्हा दिसतंय. त्यामुळे "आमच्या टीममध्ये मागच्या वर्षी एकही कन्कशन झालं नाही" असं कोणी सांगितलं तर ते खरं असेलही, पण तुझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आकडे तुला कोणीतरी पाठवणारच तर नीट समजून घे. बोस्टन युनिव्हर्सिटीत अ‍ॅन मकी नावाच्या डॉक्टर आहेत, २०१७ मध्ये त्यांच्या टीमनं एनएफएलच्या १११ खेळाडूंचे मेंदू तपासले त्यात ११० मध्ये सीटीई निघाला. हे ऐकून कोणाच्याही पायाखालची जमीन सरकेल. पण ते मेंदू कोणी दिले, तर घरच्यांनी, आणि घरच्यांनी का दिले, तर बहुतेकांना आधीच काहीतरी बिनसलेलं दिसत होतं म्हणून. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना होतो असा त्याचा अर्थ लावायचा नाही. त्याच अभ्यासात जे फक्त हायस्कूलपर्यंतच खेळले होते अशा १४ जणांमध्ये ३ जणांना होता. २०१९ मध्ये त्याच टीमनं दाखवलं की टॅकल फुटबॉल खेळलेलं प्रत्येक जास्तीचं वर्ष सीटीईची शक्यता साधारण ३० टक्क्यांनी वाढवतं. आणि २०२३ मध्ये तिशीच्या आत गेलेल्या, डोक्याला मार बसणारे खेळ खेळलेल्या १५२ मुलामुलींचे मेंदू तपासले, त्यात ६३ जणांत सुरुवात दिसली. यातही मेंदू दान दिलेल्यांचेच.

दुसऱ्या बाजूचं पण सांगते. विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली हायस्कूल पास झालेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा केलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात हायस्कूलला फुटबॉल खेळलेले पुरुष पासष्टीला इतरांपेक्षा विसराळू किंवा निराश निघाले नाहीत. तो खेळ वेगळा होता, पोरं हलकी होती, असं म्हणता येईल, पण अभ्यास आहे. हे मी का सांगतेय, कारण तुझा लेक तासाभरात हे गूगल करून तुझ्यापुढे ठेवणार आहे, आणि तू जर त्याला एक सीझन खेळलास की मेंदू गेला असं काहीतरी सांगितलेलं असलंस तर तुझ्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही तो मानणार नाही. त्याला खरं तेवढंच सांग. वर्षं मोजली जातात, आणि कमी वर्षं म्हणजे कमी धोका. तेराव्या वर्षाऐवजी सोळाव्या वर्षी सुरू केलं तर तीन वर्षांचे धक्के वाचले, इतका सरळ हिशोब आहे. ख्रिस नोविन्स्की म्हणून एक जण आहे, स्वतः हार्वर्डला फुटबॉल खेळलेला, पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला, डोक्याला इतका मार बसला की सगळं सोडून याच कामाला लागला, त्याची संस्था कित्येक वर्षं सांगतेय की १४ च्या आत फक्त फ्लॅग फुटबॉल, म्हणजे पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायचा खेळ, खेळवा, टॅकल नको. तुझा लेक १३ चा आहे.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ. वीस पौंड वजन वाढवून ये. अगं वीस पौंड म्हणजे नऊ किलो! वाढीच्या वयातल्या पोराला दोनतीन महिन्यांत नऊ किलो चढवायचे म्हणजे ते काय स्नायूंचे चढणार आहेत का, पिझ्झा आणि शेक यांचेच चढणार. डोक्याबद्दल सगळे बोलतात पण वजनाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि आपल्यासाठी तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या लोकांना डायबिटीस आणि हार्टचा त्रास इतरांपेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात होतो, हे इथला कुठलाही डॉक्टर सांगेल. एनएफएलच्या लाइनमधले बहुतेक खेळाडू तीनशे पौंडांच्या वर असतात, म्हणजे १३६ किलो. खेळ सुटतो, वजन सुटत नाही, मग झोपेत श्वास अडकणं, बीपी, गुडघे. तुमच्या दोघांच्या घरात कोणाला शुगर असेल तर पिडियाट्रिशियनला हे वीस पौंडांचं जसंच्या तसं सांग आणि त्यांचं मत लेकासमोर विचार. माझ्या मते बाकी सगळं ठीक असतं तरी एवढ्या एका वाक्यावर मी त्या कोचना भेटायला गेले असते.

आणि टेक्सासचा ऑगस्ट. कोरी स्ट्रिंगर, मिनेसोटाच्या टीमचा लाइनमन, २७ वर्षांचा, २००१ च्या ऑगस्टमध्ये ट्रेनिंग कॅम्पमध्ये उष्माघातानं गेला, तोही मिनेसोटात, जिथे तुमच्यासारखं ऊन नसतं. त्याच्या नावानं युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकटमध्ये एक संस्था आहे, ते लोक कायम एकच सांगतात की उष्माघात झालेल्या खेळाडूला आधी मैदानावरच बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करा, मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घाला. शाळेच्या मैदानावर असा टब भरून ठेवलेला असतो का हे विचारायला पाच सेकंद लागतात, विचार. वजनदार मुलांना हा धोका जास्त, म्हणजे फिरून परत तेच वीस पौंड आले.

तुझ्या नवऱ्याबद्दल. त्याच्यावर चिडू नकोस हं. तो जे मागतोय ते चुकीचं नाहीय, मैदान, मित्र, अंगाला माती, हरून घरी येणं, हे सगळं त्याला कबड्डीनं दिलं आणि तेच त्याला पोराला द्यायचंय, यापेक्षा बापानं दुसरं काय द्यावं. फक्त त्याला एक विचार, कबड्डीत दर चढाईला डोक्यानं धडक द्यायची असते का? गुडघा जातो, खांदा निखळतो, बोटं मोडतात, क्वचित डोकंही आपटतं, पण तिथे डोकं जपायचं असतं, पकड मांडीची आणि घोट्याची. इथे हेल्मेट आहे म्हणून डोकं पुढे घालायची सवय लागते. लाइनमध्ये तर सुरुवातच डोकं पुढे ठेवून वाकून होते. दोन्ही खेळ अंगाला अंग लावून असले तरी हा फरक कबड्डी खेळलेल्या माणसाला आपल्यापेक्षा लवकर कळेल. आणि हे तुम्ही दोघं आधी एकटे बसून बोला, पोरासमोर नको, तेरा वर्षांचं पोरगं आईबापातली फट बरोबर शोधतं. फॉर्मवर एक सही आहे आणि एक नाही, हे तो रोज दूध काढताना बघतोय.

मग लेक. त्याला काय हवंय याचा विचार कर. त्याला टाऊ प्रोटीन नकोय आणि लोकांना धडकायचंही फारसं पडलेलं नसेल. त्याला जर्सी हवीय. तुमच्याच भागात अ‍ॅलनला हायस्कूलच्या पोरांसाठी १८ हजार सीटचं स्टेडियम बांधलंय, सहा कोटी डॉलर घालून, २०१२ साली. शुक्रवारी रात्री अख्खं गाव तिथे, बँड, दिवे, आजीआजोबा ब्लँकेट घेऊन बसलेले. आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्तीचा फड रंगतो तसं, आणि हे तर दर आठवड्याला. आणि आयुष्यभर वर्गात स्पेलिंग आणि गणितासाठी ओळखलं गेलेलं आपलं पोर, त्याला पहिल्यांदा कुणीतरी बोलावून म्हणालं की तुझ्या अंगात ताकद आहे, आम्हाला तू हवा आहेस. ते किती गोड लागलं असेल त्याला! तू नुसतं नाही म्हटलंस तर त्याला ऐकू येईल की आई मला यातलं काहीच देणार नाही.

म्हणून नाही म्हणताना अभ्यासाचं कारण देऊ नकोस, "आपल्यात असले खेळ खेळत नाहीत" हे तर अजिबात नको, आजी रडते म्हणून पण नको, तिच्यावर कशाला ढकलायचं. तुम्ही दोघांनी मिळून सांगायचं की हा निर्णय आमचा आहे, तू रागावलास तर आमच्यावर रागाव, तेरा वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या स्वतःच्या मेंदूचा सौदा करता येत नाही म्हणून आत्ता तो आम्ही करतोय, आणि दोन वर्षांनी तुला तेव्हाही खेळायचं असेल तर परत बसू, खरंच बसू. तारीख द्या त्याला. तो रडेल, दार आपटेल, आठवडाभर बोलणार नाही. चालेल.

आणि ताकद जिथे कामाला येते अशा जागा दाखव. टेक्सासमध्ये शाळेच्या ट्रॅक टीमला शॉटपुट आणि थाळीफेकीसाठी दांडगी पोरं लागतात, बऱ्याचदा ट्रॅकचे कोच हे फुटबॉलचेच कोच असतात, म्हणजे त्याच माणसाची शाबासकी मिळते. हायस्कूलला गेला की पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा आहेत, तुमच्या राज्यात त्याचं मोठं प्रस्थ आहे. फुटबॉलच हवा असेल तर फ्लॅग फुटबॉल, कमरेची पट्टी ओढली की खेळी संपली, पास आहे, पळणं आहे, डावपेच सगळे तेच, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तोच आहे, टॅकल नाही. त्याला हे माहीत नसेल कदाचित.

आता तुझा दुटप्पीपणाचा प्रश्न, जो तू शेवटी घाईघाईत लिहिलास पण मला वाटतं तुला सगळ्यात जास्त तोच बोचतोय. मोठा माणूस पैसे घेऊन, धोका कळून खेळतो आणि तेरा वर्षांचं पोर खेळतं यात फरक आहे, हे खरं. पण त्यांना धोका कळू दिला होता का? १९९४ मध्ये लीगनं, म्हणजे एनएफएलनं, डोक्याच्या दुखापतींवर कमिटी नेमली, तिच्या प्रमुखपदी बसवले सांधेदुखीचे डॉक्टर. ती कमिटी वर्षानुवर्षं छापत राहिली की दूरचे परिणाम वगैरे काही नाहीत, आणि ओमालूंचा पेपर मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे हे लीगच्या मोठ्या अधिकाऱ्यानं इथल्या संसदेपुढे, काँग्रेसपुढे मान्य केलं ते २०१६ मध्ये. मध्ये किती वर्षं गेली आणि किती माणसं गेली. माजी खेळाडू डेव्ह डुअरसननी २०११ मध्ये स्वतःला संपवलं आणि चिठ्ठीत लिहून ठेवलं की माझा मेंदू तपासायला द्या. पुढच्या वर्षी सॅन डिएगोचा जुनिअर सिऊ, ४३ वर्षांचा, तोही तसाच गेला. दोघांच्याही मेंदूत सीटीई निघाला.

साडेचार हजारांवर माजी खेळाडूंनी कोर्टात केस केली, २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरवर तडजोड ठरली, नंतर ती मर्यादा काढावी लागली. आणि त्या भरपाईच्या तपासण्यांत काय होत होतं ऐक, काळ्या खेळाडूची मूळची आकलनशक्तीच गोऱ्यापेक्षा कमी होती असं धरून गुण लावत होते, म्हणजे त्याची बुद्धी खेळामुळे घसरली हे सिद्ध करणं त्याला जास्त कठीण. लीगमधले निम्म्याहून जास्त खेळाडू काळे आहेत! दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये त्याविरुद्ध दावा केला तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगनं ते बंद करायचं कबूल केलं. मला हे वाचून इतका संताप आला होता की सांगता येत नाही. ज्या माणसाच्या धडकेवर आपण टाळ्या वाजवल्या, त्याचं डोकं गेल्यावर त्यालाच सांगायचं की तुझं आधीच कमी होतं.

म्हणून हो, थोडा दुटप्पीपणा आहे. आपलं पोर वाचवायचं आणि दुसऱ्याचं पोर, जे बहुतेक वेळा आपल्यापेक्षा गरीब घरातून आलेलं असतं आणि ज्याच्या आईपुढे कॉलेजच्या फीसाठी दुसरा रस्ताच नसतो, त्याचा खेळ भजी खात बघायचा, हे मला स्वतःला जमेना. सिऊ गेला तेव्हा मी बघणं सोडलं. तू सोडच असं मी म्हणत नाही, तो तुझा आणि तुझ्या मनाचा प्रश्न आहे. पण या वर्षी तरी बंद ठेव, कारण वेगळं आहे. लेकाला खेळायला नाही म्हणायचं आणि रविवारी त्याच्याच सोफ्यावर, त्याच्याच समोर तोच खेळ बघून ओरडायचं, हे त्या पोराला फार लागेल गं. त्याच्याकडून काही काढून घेताय तर तुम्हीही काहीतरी सोडा, म्हणजे त्याला कळेल की हे आई मनापासून म्हणतेय.

समजा सगळं बोलून झालं आणि तरीही तुमच्या घरात खेळू द्यायचं ठरलं, तसंही होऊ शकतं, तर निदान डोळे उघडे ठेवून करा. मॅचला आणि प्रॅक्टिसलाही शाळेचा अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा माणूस, हजर असतो का, हे विचार, कोच नव्हे, ट्रेनर. टेक्सासच्या शाळांच्या खेळांची जी संस्था आहे, यूआयएल, तिचा नियम आहे की एका मुलाला आठवड्यात ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त पूर्ण धडकेची प्रॅक्टिस द्यायची नाही, ती कोण मोजतं ते विचार. २०११ पासून तुमच्याकडे कायदा आहे, कन्कशनचा संशय आला की मुलाला लगेच बाहेर काढायचं, त्याच दिवशी परत उतरवायचं नाही, आणि परत खेळायला परवानगी डॉक्टरांनी द्यायची, कोचना तो अधिकारच नाही. माझ्या वेळी यातलं काहीच नव्हतं. आणि लेकाला सांगून ठेव की डोकं दुखलं, अंधारी आली, काही विसरायला झालं तर लपवायचं नाही, कारण एक दुखणं बरं व्हायच्या आत दुसरा फटका बसला तर त्या वयात मेंदूला एकदम सूज येऊन जीव जाऊ शकतो, क्वचित होतं पण होतं, आणि होतं ते शाळकरी पोरांनाच जास्त. पोरं लपवतात. माझ्यानं लपवलं होतं, ते मला दोन वर्षांनी कळलं, आधीच्या मॅचलाही लागलं होतं त्याला.

फॉर्म आज फ्रिजवरून काढ, फाडू नकोस, ड्रॉवरमध्ये ठेव आणि त्यावर दोन वर्षांनंतरची तारीख लिही, लेकासमोर लिही. कोचना ईमेल दोघांच्या नावानं जाऊ दे, त्यात वीस पौंडांबद्दलही लिहा, इतर आयांनाही ते कळायला हवं. रविवारी दुपार मोकळी झालीच आहे तर जवळपास फ्लॅगची लीग कुठे खेळतात ते बघून त्याला आणि त्याच्या बाबाला दोघांनाच पाठव, तू जाऊ नकोस पहिल्या दिवशी. घरी आल्यावर काय म्हणाला ते मला कळव.